भाऊकाकाच्या हातांचा वास

घाटकोपरला भटवाडीत आमची चाळ होती. तिन्हीसांजेला तिच्या गॅलरीत तीन वास एकत्र यायचे. आई देवापुढे ऊद घालायची, त्याचा एक. संध्याकाळी सामाईक मोरी धुऊन कुणीतरी फिनेल ओतायचं, त्याचा दुसरा. आणि तिसरा, साकीनाक्याच्या गाळ्यातून परतलेल्या भाऊकाकाच्या हातांचा. पहिले दोन मला कुठेही ओळखू आले असते. तिसऱ्याला नाव नव्हतं. गोडसर, हलका, किंचित पेट्रोलसारखा, पण पेट्रोलपेक्षा सोज्वळ. काका खिशातून पेपरमिट काढून द्यायचा, तर पेपरमिटलाही तोच वास. मला तो आवडायचा. चाळीतल्या सगळ्याच पोरांना आवडायचा.

गाळ्यात चपलांचे तळवे चिकटवायचं काम होतं. रबराचं सोल्युशन ब्रशने लावायचं, जरा सुकू द्यायचं, दाबायचं. दिवसभर बोटांना चिकटलेलं सोल्युशन साबणाने निघत नसे. म्हणून एका डब्यात पातळ पाण्यासारखं काहीतरी भरून ठेवलेलं असे. त्यात चिंधी बुडवून कोपरापर्यंत हात पुसायचे, की हात स्वच्छ. गाळ्यातले लोक त्याला बेन्झॉल म्हणत. काकाचे हात त्यामुळे कायम कोरडे, पांढरट, भेगाळलेले. आई त्याला खोबरेल तेलाची वाटी द्यायची. तो म्हणायचा, "वहिनी, काय उपयोग नाही, उद्या परत तेच."

काका १९७६ साली गेला. मी तेव्हा चौदा वर्षांची होते. पुढे चार वर्षांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका तपकिरी बाटलीचं बूच काढलं आणि तो समोर उभा राहिला. बाटलीवरची चिठ्ठी अर्धी फाटलेली होती, तरी नाव वाचता येत होतं. बेन्झीन. त्या काळी ते कॉलेजात सर्रास वापरत. मी बूच लावलं, बाहेर येऊन पाणी प्यायले आणि परत आत गेले. त्या दिवशीचा प्रयोग मला आज आठवत नाही.

पुढे तीस-पस्तीस वर्षं मी बारावीच्या मुलांना हाच पदार्थ शिकवला. सहा कार्बन, सहा हायड्रोजन. रंगहीन द्रव, ८० अंशांना उकळतो, साडेपाच अंशांना गोठतो. मुंबईच्या कुठल्याही फ्रीजमध्ये तो गोठेल, इतकं सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही जरा सरसावून बसत. मायकेल फॅरडेने १८२५ साली तो असाच गारठवून वेगळा काढला. लंडनमध्ये तेव्हा तेलापासून दिव्याचा गॅस बनवत आणि दाबून नळकांड्यांत भरत. नळकांड्यांच्या तळाशी जो चिकट द्रव साचे, तो फॅरडेने तपासायला घेतला. म्हणजे हा पदार्थ पहिल्यांदा हाती आला तो दिव्याच्या गाळातून. पुढे लोरां नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने त्याला ग्रीक भाषेतल्या उजेडाच्या शब्दावरून 'फीन' म्हणावं असं सुचवलं. ते नाव चाललं नाही, पण त्याची पोरंबाळं उरली. फिनॉल त्यातलंच. आणि आमच्या मोरीतलं फिनेलही.

चाललं ते दुसरं नाव, आणि ते थेट आईच्या धुपाटण्यातून आलेलं आहे. ऊद म्हणजे सुमात्रा-जावाकडच्या एका झाडाचा डिंक. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी' म्हणत, जावाकडचा लोबान. युरोपातल्या लोकांनी त्यातला 'लु' स्वतःच्या भाषेतलं उपपद समजून गाळून टाकला, आणि 'बानजावी'चं बेंझॉइन झालं. त्या डिंकापासून निघणारं आम्ल ते बेंझॉइक आम्ल. मिचरलिश या जर्मन रसायनज्ञाने १८३३च्या सुमारास ते आम्ल चुन्याबरोबर तापवलं, तर फॅरडेचाच द्रव निघाला. त्यावरून बेन्झीन. हे मला कळलं तेव्हा मी शिक्षिका होऊन बरीच वर्षं झाली होती. आईला सांगायला गेले. ती म्हणाली, "म्हणजे भाऊच्या हातांना उदाचा वास होता म्हण की." तसं नव्हतं. पण मी तिला दुरुस्त केलं नाही.

नंतर हेच बेन्झीन डांबरात सापडलं. हॉफमन या रसायनज्ञाने १८४५ साली दगडी कोळशाच्या डांबरात ते असल्याचं दाखवलं आणि त्याचा विद्यार्थी चार्ल्स मॅन्सफिल्ड डांबरातून ते मोठ्या प्रमाणावर गाळून काढायच्या मागे लागला. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नमुना तयार करताना द्रव उतू गेला, पेटला आणि मॅन्सफिल्ड भाजून मरण पावला. पस्तिशीचा होता. आपल्या ट्रंकांतल्या शालूंना जिचा वास असतो ती डांबरगोळीही त्याच डांबरातली. बेन्झीनची दोन कडी शेजारी जोडलेली, एक बाजू सामाईक, ते झालं नॅफ्थलीन. इंग्रजी नावाने शिकवताना मुलांना हे परकं वाटायचं. 'डांबरगोळी' म्हटलं की तो पदार्थ कुठून आला ते नावातच येतं.

हे कडं म्हणजे काय, इथे माझं शिकवणं नेहमी रेंगाळायचं. कार्बनला चार हात, हायड्रोजनला एक. सहा कार्बनांना फक्त सहा हायड्रोजन, म्हणजे कार्बनांचे पुष्कळ हात मोकळे राहायला हवेत आणि पदार्थ भुकेला, तापट असायला हवा. प्रत्यक्षात बेन्झीन शांत. चाळीस वर्षं हे कोडं सुटेना. १८६५ साली केकुले या रसायनज्ञाने सहा कार्बनांचं कडं मांडलं, एक बंध एकेरी, एक दुहेरी, आळीपाळीने. त्याचं ते स्वतःची शेपटी तोंडात धरलेल्या सापाचं स्वप्न सगळ्यांना ठाऊक असतं. ते त्याने सांगितलं १८९० साली, बर्लिनच्या सत्कारात, पंचवीस वर्षांनी. मला त्याच्याआधीचा लोश्मिट जास्त जवळचा वाटतो. व्हिएन्नाचा शाळामास्तर. १८६१ साली त्याने स्वखर्चाने एक पुस्तिका छापली आणि तिच्यात बेन्झीनच्या जागी फक्त एक मोठं वर्तुळ काढलं. आत काय आहे ते अजून सांगता येत नाही, म्हणून नुसतं वर्तुळ. फळ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला असं वर्तुळ काढून थांबता यावं, हे मला फार मोठं वाटतं.

खरं मोजमाप १९२९ साली झालं, इंग्लंडात लीड्सला. कॅथलीन लॉन्सडेल यांनी बेन्झीनच्याच एका भावंडाच्या स्फटिकांतून क्ष-किरण सोडले आणि हाताने आकडेमोड करून दाखवलं की कडं सपाट आहे आणि त्यातले सहाही बंध सारखे आहेत. एकेरी कार्बन-बंधाची लांबी १.५४ अँगस्ट्रॉम, दुहेरीची १.३४, आणि बेन्झीनमधले सगळे बंध १.३९च्या आसपास. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. एकेरी-दुहेरीची पाळी तिथे नव्हतीच.

मुलांना हे पटवायला मी आमची चाळ सांगायची. सहा खोल्या, प्रत्येकीच्या भिंती आपापल्या. पण गॅलरी सगळ्यांची. गॅलरीचा हा तुकडा सहा नंबरचा आणि तो तीन नंबरचा असं कुणी म्हणत नाही. पापड तिथेच वाळतात, पोरं तिथेच झोपतात, भांडणंही तिथेच. आता खोल्या गोलाकार मांडा आणि गॅलरी वरून एक आणि खालून एक अशी फिरवा. बेन्झीनमधले सहा इलेक्ट्रॉन असे सगळ्यांचे असतात, कुठल्याही दोन कार्बनांच्या मालकीचे नसतात. म्हणून ते कडं मोडायला इतकं कठीण. बाहेरून कुणी आलं तर बेन्झीन एखादा हायड्रोजन देऊन त्याला जागा करून देतं, पण गॅलरी तोडू देत नाही.

निसर्गाला हे कडं फार आवडतं. आपल्या मिसळणाच्या डब्यात ते जागोजागी आहे. ओव्यातल्या थायमॉलमध्ये, लवंगेच्या युजेनॉलमध्ये, दालचिनीत, बडीशेपेत. हळदीच्या कर्क्युमिनमध्ये तर दोन. डोकं दुखलं की घेतो त्या पॅरासिटामॉलमध्येही. मग एक विद्यार्थी दरवर्षी विचारायचा, की मॅडम, ओवा चालतो तर बेन्झीन का चालत नाही? हा प्रश्न आला की मला बरं वाटायचं, आणि उत्तर देताना घसा जड व्हायचा.

उत्तर असं. ओव्यातल्या कड्याला कडेने काही ना काही लावलेलं असतं. शरीराला धरायला ती मूठ मिळते. बेन्झीनचं सख्खं भावंड टोल्युईन, त्याच्या कड्याला एक कार्बन बाहेर लटकलेला असतो, बस. यकृत त्या लटकलेल्या कार्बनाला पकडतं, त्यावर ऑक्सिजन चढवतं, आणि टोल्युईनचं होतं बेंझॉइक आम्ल. उदातलं तेच. लोणच्या-सॉसमध्ये टिकाऊपणासाठी ज्याचा क्षार घालतात, तेच. ते आणखी थोडं बदलून लघवीवाटे निघून जातं. टोल्युईन काही साधुसंत नाही, मेंदूला आणि मज्जासंस्थेला त्याचा त्रास होतोच, पण ही एक वाट त्याच्यापाशी आहे. बेन्झीनपाशी ती नाही. बेन्झीन सगळीकडून सारखं, गुळगुळीत. धरायला मूठच नाही. मग यकृत थेट कड्यालाच हात घालतं, आणि त्यातून तयार होतात फिनॉल, हायड्रोक्विनोन असले पदार्थ. रक्तातून ते हाडांच्या आतल्या मज्जेत पोचतात, तिथे आणखी बदलतात, आणि जिथे आपलं रक्त तयार होतं तिथल्या पेशींना डसतात. ज्या निर्दोष घडणीवर मी वर्गात तास खर्च करायची, तीच शरीरात शिरल्यावर अशी नडते. हे मी मुलांना सांगायची. काकाचं नाव घेत नसे.

काकाच्या दंडावर आधी निळे-काळे डाग दिसायला लागले. कुठे आपटलो आठवत नाही म्हणायचा. मग दात घासताना हिरड्यांतून रक्त. जिना चढताना दोनदा थांबायचा. अंगाची कणकण जायची नाही, ताप यायचा, गळू व्हायची. लाल पेशी कमी म्हणून दम, पांढऱ्या कमी म्हणून ताप, प्लेटलेट कमी म्हणून डाग. आज मी हे एका दमात लिहू शकते. तेव्हा घरात प्रत्येक गोष्टीचं वेगळं कारण होतं. दम लागतो तो अशक्तपणामुळे, ताप पावसामुळे, हिरड्या तंबाखूमुळे. पालक, बीट, गूळ-शेंगदाणे, सगळं झालं. शेवटी मोठ्या इस्पितळात हाडातून मज्जा काढून बघितली आणि डॉक्टर बाबांना म्हणाले, रक्तच तयार होत नाही. काम काय करतो हे कुणी विचारलं की नाही, मला माहीत नाही. कागदावर कामाचा उल्लेख नव्हता. त्याला बेन्झीनमुळे हे झालं असं कुणी लिहून दिलं नाही, आणि मीही ते सिद्ध करू शकत नाही. गाळ्यातून दोघं जण भेटायला आले होते. त्यांच्याही हातांना तोच वास होता.

वैद्यकाला हे तेव्हा नवीन नव्हतं. स्वीडनमध्ये उप्साला इथे सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यातल्या तरुण मुली याच आजाराने गेल्या, हे सांतेसॉन नावाच्या डॉक्टरने १८९७ साली लिहून ठेवलं होतं. रबर विरघळवायला तिथे बेन्झीनच होतं. इस्तंबूलच्या चपला-बुटांच्या कारागिरांत रक्ताचा कर्करोग वाढलेला डॉक्टर अक्सॉय यांना दिसला तो १९७०च्या दशकात, म्हणजे भाऊकाका गाळ्यात चिंधीने हात पुसत होता त्याच वर्षांत. आपल्या १९४८च्या कारखाने कायद्यातही बेन्झीनची विषबाधा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होती. म्हणजे शब्द होता, कायदा होता, स्वीडनचा तो निबंध होता. साकीनाक्याच्या गाळ्यापर्यंत यातलं काहीच आलं नव्हतं. आला होता तो फक्त डबा.

माणसांना हा वास आवडत होता, हे मला राहून राहून टोचतं. जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॉफीतलं कॅफीन काढायलासुद्धा बेन्झीन वापरलं गेलं. नाकावर आपला केवढा भरवसा असतो. दूध नासलं का, मासे ताजे आहेत का, गॅस सुटलाय का, सगळं नाक सांगतं. पण गॅसच्या सिलिंडरला जो वास असतो तो गॅसचा नसतोच. मरकॅप्टन नावाचं गंधकाचं संयुग त्यात मुद्दाम मिसळलेलं असतं, कारण त्याचा अब्जांशही नाकाला खुपतो. बेन्झीनला असा राखणदार कुणी नेमलेला नाही. नाकाला ते जाणवेपर्यंत हवेतलं प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या फार पुढे गेलेलं असतं. आणि सुरक्षित तरी कुठली म्हणायची? जागतिक आरोग्य संघटना म्हणते, अशी पातळीच नाही. आपल्याकडे २००९ सालच्या मानकांनी वर्षाची सरासरी एका घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमच्या आत असावी असं ठरवलं आहे. पेट्रोलमध्ये आज बेन्झीन १ टक्क्याच्या आत ठेवावं लागतं. पंपावर दिवसाचे आठ-दहा तास नळी धरून उभ्या असलेल्या मुलाच्या वाट्याला त्यातलं किती येत असेल, हा विचार एलबीएस रोडवरच्या पंपावर रांगेत असताना दरवेळी येतो. रिक्षावाले इंजिन बंद करत नाहीत. सिगरेटच्या धुरातही तेच आहे, आणि उदबत्तीच्या धुरातही थोडं.

२०१८ साली माझ्या वर्गात एक मुलगी होती. दोन बस बदलून माहुलहून यायची. तिचं घर आधी विद्याविहारला तानसाच्या पाइपलाइनला लागून होतं. पाइपलाइनच्या बाजूची वस्ती हटवली तेव्हा घाटकोपर-विद्याविहारच्या कितीतरी कुटुंबांना माहुलला पाठवलं गेलं. सात मजल्यांच्या ७२ इमारती, दोन इमारतींमध्ये हात पोचेल इतकंच अंतर वाटावं अशा. समोर १९५४-५५ पासून चालू असलेले तेलशुद्धीकरणाचे कारखाने, पलीकडे रसायनांच्या साठवणुकीच्या टाक्या. इथे पेट्रोल-डिझेलबरोबर बेन्झीन आणि टोल्युईनही तयार होतं. माहुल-आंबापाड्याचे कोळी-आगरी लोक वासाच्या तक्रारी कधीपासून करत होते. हरित लवादाने २०१५च्या डिसेंबरमध्येच मान्य केलं होतं की इथल्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे. त्यानंतरही माणसं तिथे नेली जात होती.

मी बेन्झीनचा धडा घेत होते. ती उभी राहिली. "मॅडम, ह्याचा वास कसा असतो?"

"गोडसर."

"मग आमच्याकडे येतो तो हा नाही. आमच्याकडे घाण येतो. सडक्या लसणासारखा. रात्री जास्त."

तो गंधकाचा असणार. मी तसं सांगितलं. सांगताना लक्षात आलं की मी तिला अर्धंच सांगतेय. गंधक ओरडून सांगतं आणि त्याच्या आडून बाकीचे गुपचूप येतात. मी ते वाक्य पुरं केलं. वर्ग शांत झाला. ती वहीत काहीतरी लिहीत राहिली.

त्याच वर्षी ऑक्टोबरपासून माहुलचे लोक विद्याविहारला पाइपलाइनपाशी फुटपाथवर येऊन बसले. वर्षभराहून जास्त बसले, पावसातही. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितलं की आता कुणालाही जबरदस्तीने माहुलला पाठवू नये, आणि तिथल्यांना दुसरीकडे राहायला महिना १५,००० रुपये भाडं आणि ४५,००० रुपये अनामत द्यावी. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये हरित लवादाने तेलशुद्धीकरण आणि साठवणुकीच्या चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींची भरपाई बसवली. बेन्झीन, टोल्युईन, झायलीन ही नावं त्या प्रकरणाच्या कागदांत आहेत. काकाच्या कागदावर जे नाव आलं नव्हतं ते इथे छापलेलं आहे, हे बघून मी बराच वेळ तो कागद हातात धरून बसले होते.

बारावीचा निकाल लागल्यावर ती मुलगी पेढे घेऊन आली आणि एक दिवस घरी या म्हणाली. मी गेले. रस्त्याच्या कडेला खाडीकडे रोहित पक्ष्यांची लांब गुलाबी रेघ दिसते, तिथे ती थांबली आणि हे मात्र इथलं छान आहे म्हणाली. चौथ्या मजल्यावर घर. तिची आई दारातच उभी होती. आत सगळ्या खिडक्या बंद, पंखा पूर्ण वेगाने, आणि खोलीभर दाट ओळखीचा धूर. दिवेलागणीची वेळ. कोपऱ्यात धुपाटण्यात ऊद जळत होता.

"या मॅडम, बसा," तिची आई म्हणाली. "आज वास फार आहे ना, तो मारायला जरा जास्तच घातला. पाहुणे येणार म्हटल्यावर..."

मी बसले. गळ्यापर्यंत शब्द आले होते. लुबान जावी, मिचरलिश, चुना, धुरातलं काय आणि बाहेरच्या हवेतलं काय, सगळं. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. मला खोकला आला.

"धूर झाला का?" ती पटकन उठली. कडीला हात घातला आणि तशीच थांबून माझ्याकडे बघायला लागली. "मॅडम, तुम्हाला ह्यातलं कळतं म्हणते ही. उघडू का खिडकी? का नको?"

मी उठून खिडकीपाशी गेले. काचेतून खाली बघितलं. समोरच्या इमारतीच्या तारांवर वाळत घातलेले कपडे होते. ते कुठल्या बाजूला उडतायत ते बघत राहिले.